नगररचनेच्या पदवीवरून आर्किटेक्ट होताना: कायदा, अभ्यासक्रम, पोर्टफोलिओ आणि पहिली नोकरी

नगररचना शिकलेल्या अनेकांना काही वर्षं काम केल्यावर एकच गोष्ट टोचू लागते. रस्त्याची रुंदी आपण ठरवली, भू-वापर आपण ठरवला, चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधता येईल, तेही आपणच मांडलं. पण त्या भूखंडावर जी इमारत उभी राहिली तिच्या एकाही भिंतीत आपला हात नाही. मग आर्किटेक्चरकडे वळता येईल का याची चौकशी सुरू होते. सल्ले मिळतात ते दोन टोकांचे. कोणी म्हणतं, विषय जवळचेच आहेत, सहज जमेल. कोणी म्हणतं, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल, नाद सोड.

दोन्ही सल्ल्यांत थोडं तथ्य आहे, पण त्यांच्या आधारावर निर्णय घेऊ नका. नगररचनेच्या पदवीचं वजन ड्रॉइंगवर काम करताना खरोखर जाणवतं, मात्र नोंदणीच्या कायद्यापुढे ते जवळजवळ शून्य असतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की बाकीचा मार्ग बराच स्पष्ट होतो.

पहिली पायरी: उपाधी हवी आहे की काम?

बहुतेक देशांत ‘आर्किटेक्ट’ हा शब्द कायद्याने राखलेला आहे. नोंदणी नसताना तो नावापुढे लावता येत नाही. भारतात हे काम १९७२चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट करतो आणि नोंदणी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे होते. ब्रिटनमध्ये १९९७चा कायदा आणि आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्ड आहे. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देतं आणि एनकार्ब ही संस्था अनुभवाची नोंद आणि परीक्षा यांची सामाईक व्यवस्था पाहते.

शब्द आणि काम यांतला फरक समजून घ्यायला भारतातला एक निकाल वाचण्यासारखा आहे. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, १९७२चा कायदा ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला संरक्षण देतो. इमारतीच्या रचनेचं काम नोंदणी नसलेल्या माणसाने करण्यावर तो सरसकट बंदी घालत नाही. वाद उभा राहिला होता तो नोएडा प्राधिकरणातल्या एका पदनामावरून. आर्किटेक्चरची पदवी नसलेल्या अधिकाऱ्याच्या पदाच्या नावात ‘आर्किटेक्ट’ असावं का, हा प्रश्न होता आणि न्यायालयाने ते चालणार नाही असं ठरवलं. नगररचनाकारांसाठी याचा अर्थ सरळ आहे. मोठ्या आर्किटेक्चर फर्ममध्ये डिझायनर म्हणून तुम्ही इमारतींवर काम करू शकता, पण कार्डावर, सहीखाली किंवा ऑनलाइन प्रोफाइलवर तो शब्द लिहू शकत नाही. मंजुरीच्या नकाशांवर कोणाची सही चालते हे पुन्हा त्या त्या ठिकाणच्या नियमावलीवर अवलंबून असतं, ते वेगळं तपासा.

म्हणून स्वतःला विचारा: स्वतःच्या नावाने प्रॅक्टिस करायची आहे का? नकाशांवर सही हवी आहे का? उत्तर हो असेल तर मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी यांना पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका. उत्तर नाही असेल, म्हणजे तुम्हाला इमारतींच्या जवळ राहून रचना करायची आहे आणि सही दुसऱ्या कोणी केली तरी चालणार आहे, तर नवी पदवी न घेताही बरंच काम करता येतं. आणि तिसरीही शक्यता आहे, ती प्रामाणिकपणे तपासायला हवी. कंटाळा आला आहे तो व्यवसायाचा की सध्याच्या नोकरीचा? केवळ फाइली आणि अहवाल यांनी थकलेला माणूस चांगल्या अर्बन डिझाइन फर्ममध्ये गेला की अनेकदा पुन्हा उत्साहाने कामाला लागतो. पाच वर्षांचा निर्णय घेण्याआधी हा लहान बदल करून पाहणं शहाणपणाचं.

दुसरी पायरी: तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही

याचा हिशेब मोघम ठेवू नका. मला यासाठी सर्वांत उपयोगी वाटते ती अमेरिकेतल्या एएक्सपी या अनुभव-कार्यक्रमाची विभागणी, मग तुम्ही कोणत्याही देशात प्रॅक्टिस करणार असा. परवान्याआधी तिथे ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव लागतो आणि तो सहा भागांत वाटलेला आहे: प्रॅक्टिस मॅनेजमेंट १६० तास, प्रोजेक्ट मॅनेजमेंट ३६०, प्रोग्रामिंग अँड अ‍ॅनालिसिस २६०, प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड डिझाइन १,०८०, प्रोजेक्ट डेव्हलपमेंट अँड डॉक्युमेंटेशन १,५२० आणि कन्स्ट्रक्शन अँड इव्हॅल्युएशन ३६०.

आता स्वतःला या तक्त्यासमोर ठेवा. जागेचा अभ्यास, नियमांचं वाचन, गरजांची मांडणी ही नगररचनाकाराची हुकमत. ती बहुतांशी त्या २६० तासांत बसते, म्हणजे एकूण अनुभवाच्या सात टक्क्यांत. सर्वांत मोठा वाटा, ४० टक्क्यांहून अधिक, आहे तो बांधकामाची तपशीलवार ड्रॉइंग्ज आणि स्पेसिफिकेशन तयार करण्याचा. नगररचनेच्या अभ्यासक्रमात याला जवळजवळ जागाच नसते. ब्रिटनमधल्या आरआयबीए या आर्किटेक्ट्सच्या संस्थेच्या कार्य-आराखड्यातही हेच दिसतं: शून्य ते सात अशा आठ टप्प्यांपैकी गरज ठरवणं, ब्रीफ तयार करणं आणि संकल्पना मांडणं या सुरुवातीच्या टप्प्यांत नगररचनाकार आत्मविश्वासाने बोलतो, चौथ्या टप्प्यावर, तांत्रिक रचनेवर, गप्प होतो.

याचा अर्थ तुमचं शिक्षण वाया गेलं असा मुळीच नाही. युरोपीय संघाच्या २००५/३६ या निर्देशात आर्किटेक्टच्या शिक्षणातून यायला हव्यात अशा ११ क्षमता दिल्या आहेत आणि नागरी रचना व नियोजन ही त्यांतली एक आहे. म्हणजे जी गोष्ट आर्किटेक्चरचे विद्यार्थी शेवटच्या वर्षांत घाईघाईने शिकतात ती तुमच्याकडे पक्की आहे. शिवाय नियमावली न घाबरता वाचता येणं, जनसुनावणीत विरोध ऐकून घेऊन मुद्दा मांडता येणं, पाणी-सांडपाणी-रहदारी यांचा भार इमारतीच्या आधी दिसणं, काम टप्प्याटप्प्याने कसं उभं राहील याचा विचार करता येणं, या सवयी चांगल्या आर्किटेक्ट्सनाही उशिरा लागतात. कमतरता कुठे आहे ते मात्र ओळखा: तुम्ही १:१००० या प्रमाणाच्या नकाशावर राहिला आहात, इमारत १:५० वर ठरते आणि १:५ वर बांधली जाते.

तिसरी पायरी: अभ्यासक्रमाचा मार्ग

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, कारण एकाच नावाच्या पदव्या देशागणिक वेगळ्या असतात.

भारतात आर्किटेक्ट म्हणून नोंदणीसाठी मूळ पात्रता आहे ती पाच वर्षांची बी.आर्क. नगररचनेच्या पदवीची, बी.प्लॅन.ची, चार वर्षं तिच्यातून आपोआप वजा होत नाहीत. प्रवेशासाठी नाटा ही आर्किटेक्चरची अभिक्षमता चाचणी किंवा जेईई मेनचा बी.आर्क.साठीचा पेपर पुन्हा द्यावा लागतो आणि बारावीचे विषय पात्रतेत बसतात का ते पाहावं लागतं. इथला एम.आर्क. हा बी.आर्क. झालेल्यांसाठीचा पुढचा अभ्यासक्रम आहे. एखाद्या संस्थेने नगररचना पदवीधराला अर्बन डिझाइनच्या पदव्युत्तर वर्गात घेतलं तरी त्यातून आर्किटेक्ट म्हणून नोंदणी मिळत नाही. ही गोष्ट प्रवेशाआधी नीट समजून घ्या. दोन वर्षं आणि फी गेल्यावर ती कळणं फार क्लेशदायक असतं.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे एनएएबी ही संस्था व्यावसायिक पदव्यांना मान्यता देते आणि त्यांत बी.आर्क., एम.आर्क. व डी.आर्क. अशा तीन प्रकारच्या पदव्या येतात. दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी असलेल्यांसाठी तीन ते साडेतीन वर्षांचा व्यावसायिक एम.आर्क. असतो, नगररचनेची पदवी त्याला चालते. काही विद्यापीठांत त्याला ‘एम.आर्क. वन’ म्हणतात, ‘एम.आर्क. टू’ मात्र आधीच आर्किटेक्चरची व्यावसायिक पदवी असलेल्यांसाठी असतो. नाव वाचून अर्ज करू नका, मान्यतेच्या यादीत तो नेमका अभ्यासक्रम आहे का ते पाहा. अनेक ठिकाणी भौतिकशास्त्र, कॅल्क्युलस आणि वास्तुकलेचा इतिहास यांचे क्रेडिट आधी पूर्ण करायला सांगतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत मान्यताप्राप्त पदवीशिवाय, जास्त वर्षांच्या अनुभवावर परवान्यापर्यंत जाता येतं; पण असा परवाना दुसऱ्या राज्यात नेताना अडचणी येतात.

ब्रिटनमध्ये पार्ट १, पार्ट २, पार्ट ३ अशी रचना वर्षानुवर्षं आहे. ती आता बदलते आहे आणि भर मास्टर्स पातळीच्या मान्यताप्राप्त पदवीवर व पुढच्या व्यावसायिक प्रशिक्षणावर येतो आहे. त्यामुळे पहिली पदवी दुसऱ्या विषयातली असलेल्यांसाठी शक्यता वाढल्या आहेत. ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचा नियम बोर्डाच्या संकेतस्थळावर पाहा, सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका. युरोपीय संघात किमान पाच वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण, किंवा चार वर्षं शिक्षण अधिक दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण, अशी चौकट आहे. ऑस्ट्रेलियात सामान्यतः तीन अधिक दोन वर्षांच्या दोन पदव्या, मग ३,३०० तासांची नोंदवही आणि परीक्षा.

परदेशी पदवी घेऊन दुसऱ्या देशात प्रॅक्टिस करायची असेल तर एक काम अर्जाच्याही आधी करा. जिथे शेवटी नोंदणी करायची आहे तिथल्या परिषदेला लेखी विचारा: या विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम, आधीची पदवी नगररचनेची असताना, तुम्हाला मान्य आहे का? उत्तर लेखीच घ्या. कॉलेजच्या प्रवेश विभागाचं तोंडी आश्वासन नोंदणीच्या टेबलावर कामाचं नसतं.

क्रेडिट-सवलतीबद्दल थोडं. नगररचना, सर्व्हे, पर्यावरण, इतिहास, जीआयएस अशा विषयांत ती मिळू शकते आणि अभ्यासक्रम-पत्रिका जोडून मागायला हवी. स्टुडिओत, म्हणजे रचना प्रत्यक्ष करून शिकायच्या वर्गात, मिळाली तरी सहसा घेऊ नये, असं माझं मत आहे. एक वर्ष वाचतं, पण ज्या ठिकाणी पाया घातला जातो तेच वर्ष हातचं जातं.

चौथी पायरी: प्रवेशाआधी हात बसवा

अर्ज करण्याआधीचे काही महिने सॉफ्टवेअरच्या क्लासवर घालवण्याची चूक फार जण करतात. क्यूजीआयएस तुम्हाला येतं, ऑटोकॅडही येत असेल. रेव्हिट आणि रायनो नोकरीत किंवा स्टुडिओत शिकता येतील. आधी इमारत वाचायला शिका.

सुरुवात मोजणीने करा. आत-बाहेर जाता येईल अशी एखादी लहान, किमान दोन मजली इमारत निवडा आणि ती टेपने मोजून काढा. खोलीच्या चारही भिंती मोजून थांबू नका, दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर खोली काटकोनात नाही, आणि बहुतेक वेळा ती नसतेच. खिडकी-दारांची अंतरं तुकड्या-तुकड्याने घेऊ नका; टेप एका कोपऱ्यात धरून सलग वाचा, नाहीतर प्रत्येक मापातली लहान चूक जमत जाते आणि शेवटची खिडकी कागदावर भिंतीबाहेर निघते. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा. खिडकीच्या तळाची उंची, लिंटेलची, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईची, उंची, स्लॅबचा तळ, सगळं टिपा. मग हाताने काढा: जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर कापलेला प्लॅन आणि जिन्यातून जाणारा छेद (इमारत उभी कापल्यावर दिसेल ते चित्र), दोन्ही १:५० वर. छेद काढताना जिथे हात अडेल, म्हणजे वरच्या स्लॅबवर नेमके कोणते थर आहेत, चौकट भिंतीत कशी धरली आहे, पाणी कुठून बाहेर जातं, तिथे तुमचं न-शिकलेलं नेमकं सापडेल. त्या प्रश्नांची यादी करा आणि एखाद्या साइट इंजिनिअरला किंवा अनुभवी गवंड्याला विचारा. ही माणसं असे प्रश्न विचारणाऱ्याला मनापासून शिकवतात.

मग एक जिना काढा. नगररचनेच्या नकाशात जिना म्हणजे एक चौकोन असतो; तो खरा काढला की इमारत म्हणजे काय ते अंगात भिनतं. मजल्याची उंची ३ मीटर धरा. एका पायरीवरून दुसरीवर चढायची उंची १५० मिलिमीटर धरली तर अशा २० उंच्या होतात. पायरीची रुंदी ३०० घेतली तर दोन उंच्या आणि एक रुंदी मिळून ६०० मिलिमीटर येतात. हा बेरजेचा नियम फ्रान्समधल्या ब्लोंदेलने सतराव्या शतकात मांडला आणि ६०० ते ६४०च्या आसपासची बेरीज पायाला सोयीची मानली जाते. आता जिना मध्ये वळवा: दोन टप्पे, प्रत्येकात १० उंच्या म्हणजे ९ पायऱ्या, लांबी २.७ मीटर. दोन्ही टोकांना १.२ मीटरचं लँडिंग. एकूण लांबी ५.१ मीटर, रुंदी मधल्या फटीसह सुमारे २.५ मीटर. म्हणजे प्रत्येक मजल्यावर पावणेतेरा चौरस मीटर जागा फक्त जिन्याची. चटईक्षेत्राच्या हिशेबात वापरायोग्य क्षेत्र कुठे हरवतं, त्याचं एक उत्तर इथे मिळतं.

अजून पुढे जा. मधलं लँडिंग जमिनीपासून १.५ मीटरवर आहे. त्याची जाडी १५० मिलिमीटर धरली तर खाली उरतात १.३५ मीटर. तिथून माणूस चालत जाऊ शकत नाही. पण तुम्ही तर प्रवेशद्वार नेमकं जिन्याच्या मागे ठेवलं होतं! मग पहिला टप्पा १५ उंच्यांचा करून पाहा: लँडिंग २.२५ मीटरवर जातं, खाली २.१ मीटर मिळतात, पण तो टप्पा ४.२ मीटर लांब होतो आणि जिन्याची एकूण लांबी दीड मीटरने वाढते. ती दीड मीटर आता कोणत्या खोलीतून घ्यायची? एका निर्णयाने दुसरा हलतो आणि दुसऱ्याने तिसरा. आर्किटेक्चरमधलं बरंचसं काम हेच आहे आणि ते आवडतं की नाही हे या एका अभ्यासात कळतं.

बीमबाबतही तसंच. सुरुवातीच्या अंदाजासाठी आरसीसी बीमची वरपासून खालपर्यंतची जाडी गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, बाराव्या ते पंधराव्या हिश्श्याइतकी धरतात. ६ मीटरच्या गाळ्याला ४०० ते ५०० मिलिमीटर. मजल्याची ३ मीटर उंची आपण नगररचनेत सहज गुणत जातो. त्यातून बीमचे ५०० गेले आणि बीमखालून हवेचा ३०० मिलिमीटरचा डक्ट गेला की उरतात २.२ मीटर, तेही खोट्या छताआधी. उंचीची मर्यादा ठरवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

शेवटी एक मॉडेल, पुठ्ठ्याचं, १:५० वर. संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करून टॉर्चने खिडकीतून प्रकाश टाका आणि फोटो काढा. हे फोटो पोर्टफोलिओत कामाला येतात.

पाचवी पायरी: पोर्टफोलिओ

नगररचनाकारांचे पोर्टफोलिओ एकाच कारणाने मागे पडतात: नकाशे फार. रंगीत भू-वापर, घनता, रहदारी, पुन्हा भू-वापर. निवड समितीतल्या आर्किटेक्टला त्यांतून एकच माहिती हवी असते: या व्यक्तीला जागा दिसते का? घन आकार, उजेड, पोत, माणसाच्या शरीराचं माप.

तुमच्या जुन्या कामांतलं सर्वांत चांगलं एक घ्या, समजा स्टेशन परिसराचा आराखडा. त्याचे नकाशे एका पानावर आणा, प्रत्येक नकाशा एकाच प्रश्नाचं उत्तर देईल असा. मग त्याच आराखड्यातला एक भूखंड निवडा आणि त्यावर तुमच्याच नियमांनुसार इमारत रचा. प्लॅन १:१००, छेद १:५०, आणि पायापासून कठड्यापर्यंत बाहेरच्या भिंतीचा एक छेद १:२० वर. स्वतःचेच सामासिक अंतराचे (हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेचे) आणि उंचीचे नियम कुठे जाचक ठरले ते दोन ओळींत लिहा. असा प्रकल्प फक्त नगररचनाकारच दाखवू शकतो, आणि इतर अर्जदारांच्या ढिगातून तो वर येतो.

शहर आणि घर यांच्यामधल्या मापांचा अभ्यास दाखवायचा असेल तर आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं नवी मुंबईतल्या बेलापूरचं गृहसंकुल पुन्हा काढून पाहा. सात घरं ८ मीटर बाय ८ मीटरच्या एका अंगणाभोवती. असे तीन समूह मिळून २१ घरं आणि त्यांची १२ बाय १२ मीटरची मोकळी जागा. तसे तीन एकत्र आले की २० बाय २० मीटर. घरं भिंतीला भिंत न लावता बांधलेली, म्हणजे प्रत्येकाला पुढे वाढवता यावीत. आराखड्याचा नियम आणि घराचा उंबरठा एकाच हाताने कसा ठरतो हे यात स्वच्छ दिसतं. दुसऱ्याचं काम पोर्टफोलिओत घालताना ‘अभ्यास’ असं स्पष्ट लिहा.

मोजणीची ड्रॉइंग्ज, मॉडेलचे फोटो, हाताची रेखाटनं ठेवा. मातीकाम, सुतारकाम, छायाचित्रण असं काही खरंच चांगलं असेल तर तेही. गटाने केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता ते प्रत्येक वेळी नोंदवा. नगररचनेतलं जवळपास सगळंच काम गटाचं असतं आणि हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. पानांची मर्यादा कॉलेज देतं, ती पाळा. मर्यादेपेक्षा कमी पानं झाली तरी बिघडत नाही, कच्च्या प्रकल्पाने मात्र बिघडतं.

उद्देशपत्रात ‘मोठ्या पातळीवरून सूक्ष्म पातळीकडे जायचं आहे’ हे वाक्य टाळा, सगळेच ते लिहितात. त्याऐवजी कामात भेटलेली एक अडचण सांगा जी नियमाने सुटली नाही आणि इमारतीच्या रचनेतून सुटू शकली असती.

सहावी पायरी: ऑफिसात पाय ठेवा

पदवी घ्यायची ठरली असो वा नसो, आर्किटेक्चर फर्ममध्ये काही काळ काम करणं फार मोलाचं आहे. मोठ्या फर्ममध्ये मास्टर प्लॅनिंग किंवा अर्बन डिझाइनचा गट असतो, तिथे तुमची पदवी थेट चालते. मध्यम फर्ममध्ये वेगळी बाजू दाखवा: भूखंड आला की त्यावर नियमांनुसार किती बांधता येईल, पार्किंग किती, रस्त्याच्या रुंदीचा परिणाम काय, कोणत्या परवानग्या कोणत्या क्रमाने लागतील, याचा अहवाल. हे काम पुष्कळ आर्किटेक्ट्सना नकोसं असतं आणि प्रकल्पाचं भवितव्य त्यावरच ठरतं. एखाद्या खऱ्या भूखंडाचा असा चार पानी अहवाल, शेवटी आकारमानाचे दोन-तीन पर्याय काढून, मुलाखतीला घेऊन जा.

धोका एकच आहे. या कामात तुम्ही उपयोगी पडलात की तुम्हाला तिथेच ठेवलं जातं. म्हणून नोकरी घेतानाच बोलून ठेवा: सहा महिन्यांनी मला एका चालू बांधकामाच्या टीममध्ये अर्धवेळ तरी घ्या. आणि वेळ आली की आठवण करून द्या. वर्किंग ड्रॉइंगच्या दुरुस्त्या, दार-खिडक्यांचं वेळापत्रक, साइटवरून आलेल्या प्रश्नांची नोंद, जे मिळेल ते करा. काँक्रीट ओतण्याआधी सळया तपासायला साइटवर कोणी जात असेल तर त्याच्याबरोबर जा. दार-खिडक्यांच्या वेळापत्रकातली १० मिलिमीटरची चूक कारखान्यात शंभर चौकटींत उतरते हे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस ड्रॉइंगवर वेगळ्या काळजीने काम करतो.

अमेरिकेच्या परवान्याचा विचार असेल तर तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. एएक्सपीचे तास पदवीच्या आधीपासूनही मोजले जातात, पण किमान १,८६० तास आर्किटेक्चर फर्ममध्ये परवानाधारक आर्किटेक्टच्या देखरेखीखाली झालेले लागतात. नोंद आठ महिन्यांच्या आत केली तर पूर्ण श्रेय मिळतं. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत निम्मंच. बाकी देशांतही कोणाच्या हाताखाली, कोणत्या प्रकल्पावर, काय काम केलं याची दर महिन्याला सही घेतलेली वही ठेवा. माणसं नोकऱ्या बदलतात, फर्म बंद होतात, आणि नंतर दाखला मिळवणं अवघड जातं.

सातवी पायरी: पहिला स्टुडिओ

वर्गातल्या इतरांपेक्षा तुम्ही वयाने मोठे असाल, बोलण्यात तयार असाल आणि रेषेत कच्चे. पहिले काही महिने हे जड जातं. नगररचनेची सवय अशी की आधी माहिती गोळा करायची, विश्लेषण करायचं, मग प्रस्ताव. स्टुडिओत तीन आठवडे विश्लेषणात गेले की रचनेला वेळच उरत नाही. पहिल्याच आठवड्यात एक चुकीचा का होईना प्लॅन आणि मॉडेल करा, मग जागेचा अभ्यास त्याच्यावर तपासा. ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, युक्तिवादाने बाजू सावरता येते, तुम्हाला तर ती कला अवगतच आहे. पण प्रश्न आला की आधी ड्रॉइंगकडे बोट दाखवायची सवय लावा. ड्रॉइंगमध्ये उत्तर नसेल तर ते अजून सुचलेलं नाही असं समजा.

स्ट्रक्चर आणि बांधकाम-साहित्य या विषयांना परीक्षेपुरतं पाहू नका. बाकीच्यांना आयुष्यभर पुरेल इतका वेळ आहे. तुम्ही उशिरा आलेले आहात, म्हणून या दोन विषयांत वर्गाच्या पुढे राहिलात तरच फर्ममध्ये बरोबरीने उभे राहाल.

नोंदणी झाल्यावर

नगररचनाकारांच्या संस्थेचं सदस्यत्व सोडू नका. भारतात आयटीपीआयचं सदस्यत्व आणि कौन्सिलची नोंदणी दोन्ही एका माणसाकडे असणं यावर कोणतीही अडचण नाही, आणि काही कामांना दोन्ही लागतातच: जुन्या वसाहतींचा पुनर्विकास, विद्यापीठांचे परिसर, रुग्णालयांचा टप्प्याटप्प्याने विस्तार, वाढत जाणारी परवडणारी घरं. अशा प्रकल्पांत नियम, टप्पे, लोकांशी बोलणी आणि भिंतीचा छेद हे सगळं एकाच टेबलावर येतं. पहिली कामं शोधताना बंगले आणि इंटिरियरच्या गर्दीत शिरण्याऐवजी इकडेच अर्ज करा. इथे तुमच्या आधीच्या वर्षांना पूर्ण किंमत मिळते. आणि नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत कार्डावर ‘डिझायनर, नगररचनाकार’ एवढंच राहू द्या.